प्रतिवादी क्रमांक एक : जहाज

१२ जानेवारी

काका,

नमस्कार करते. आशीर्वाद द्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी वाकून मोकळी झाले.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हा कागद. हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुम्ही खाली ठेवत नाही, मग तो पंखे विकणाऱ्याची जाहिरात का असेना. ही तुमची खोड मला ठाऊक आहे आणि तिचा मी सरळ फायदा घेते आहे.

काकू म्हणाली, तुम्ही घर डोक्यावर घेतलंत. छोटीने सनद हातात पडल्या पडल्या मला विचारलं, "ताई, वकिलीत सगळ्यात जास्त पैसे कशात आहेत, आणि तिथे शिरायचं कसं?" तुमच्या मते हे खूळ मी तिच्या डोक्यात भरवलं. मी नाही भरवलं. पण प्रश्न चोख आहे आणि मी त्याचं उत्तर देणार आहे. तिला नाही, तुम्हाला. म्हणजे तुमच्या मुलीला मी काय शिकवलं याचा जाब पुन्हा वेगळा द्यायला नको.

बाबा गेल्यावर मी तुमच्या घरात वाढले, तुमच्या ऑफिसात काम शिकले. भाडेकरू, पोटगी, हद्दीची भांडणं, नोकरीवरून काढलेली माणसं. मग मी इथे, शहरातल्या या मोठ्या कचेरीत यायचं ठरवलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जा. तिथे माणसं नसतात, कंपन्या असतात." तेव्हापासून तुम्ही माझ्याशी चकार शब्द बोललेला नाहीत. माझं मागणं एवढंच आहे की एकदा बोला. शिव्या दिल्यात तरी चालेल, फक्त आवाज येऊ द्या.

आता उत्तर. आमच्या इमारतीत कायद्याचे मजले आहेत. दारात कार्ड दाखवलं की काचेचं फाटक उघडतं, आणि गालिचा इतका जाड आहे की आपण चाललो हे आपल्यालाही कळत नाही. सगळ्यात वर बसतात ते कंपन्यांची खरेदी-विक्री करणारे. त्यांची कमाई सगळ्यांत जास्त. आकडा लिहीत नाही, तुम्ही चष्मा काढून पुसाल आणि पुन्हा वाचाल. तिथे शिरायचं तर कॉलेजातून पहिल्या काही नंबरात निघायला हवं, किंवा एखाद्या कंपनीच्या कायदा खात्यात करारमदार घासून घासून नंतर आडवाटेने यायला हवं. कामाला झोप नाही. दुसऱ्याच्या कंपनीची अक्षरशः झडती घ्यायची. कुठलं कर्ज, कुठला खटला, कुठल्या कारखान्याची परवानगी संपलेली, सगळं.

मागच्या आठवड्यात त्यांना माणूस कमी पडला म्हणून मला सह्यांच्या दिवशी कागद सांभाळायला नेलं. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना वकीलच वकील, आणि मधे एक म्हातारे गृहस्थ. कंपनी त्यांनी उभी केलेली, भांडी घासायची पावडर बनवण्यापासून. शेवटच्या पानावर त्यांचा हात थांबला. पेन कागदाला टेकलेलं, पण सही होईना. काका, एवढ्या माणसांत कोणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. त्या एका सहीने हजारो कामगारांचा मालक बदलणार होता, आणि कामगार त्या वेळी आपापल्या यंत्रांपाशी डबे उघडत असतील. मग त्यांनी सही केली आणि टोपण लावायला विसरले. ते मी लावलं.

तिथे माणसं नसतात म्हणालात ना? होतं एक.

तुमची,
मोठी


९ फेब्रुवारी

काका,

उत्तर आलं नाही. काकू म्हणते पाकीट फोडलेलं दिसलं. म्हणजे वाचलंत. मला तेवढं पुरतं, असं म्हणणार होते, पण पुरत नाही.

आज दोन मजले खाली येऊ या. पेटंटवाले. इथे छोटीचा निभाव लागणार नाही हे तिला सांगा, कारण तिने बारावीला रसायनशास्त्राच्या पेपरात काय दिवे लावले होते ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. या मजल्यावर आधी शास्त्र शिकून येतात, मग कायदा, मग वर आणखी एक परीक्षा. तिथली एक बाई माझ्यासोबत जेवते. पूर्वी प्रयोगशाळेत होती. तिने मला एका औषधाच्या रेणूचं चित्र काढून दाखवलं, पेपर नॅपकिनवर. म्हणाली, "हा इथला एक कोपरा बघ. हा कोपरा कोणाचा, यावर दोन कंपन्या भांडतायत." मी म्हटलं, "कोपरा? डोळ्यांना दिसतो तरी का?" ती हसली. "कशानेच दिसत नाही. पण तो नसेल तर रुग्ण बरा होत नाही." आपण दोघांनी भिंतीच्या एका कोपऱ्यावरून वर्षानुवर्षं दावे चालवले, काका. मला वाटायचं कोपऱ्यांतलं आपल्याला सगळं कळतं. मी तो नॅपकिन घडी करून पर्समध्ये ठेवला.

त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला करवाले. त्यांना हिशेबतपासनीसाची परीक्षाही द्यावी लागते आणि कायद्याचीही, म्हणून सगळे लवकर टकले होतात. त्याच्या शेजारी लवादवाले. कोर्टात न जाता खासगी पंचांपुढे मोठमोठ्या कंपन्यांची भांडणं चालवायची. तिथे शिरायला सुबक लिहिता यावं लागतं आणि कुणा मोठ्या पंचाच्या हाताखाली काही काळ काढावा लागतो.

मी विचारलं आमच्या बाईंना, की एवढा पैसा इथेच का? कष्ट तर सगळीकडेच आहेत. या बाई म्हणजे आमच्या जहाजांच्या मजल्याच्या प्रमुख. मागे सगळे त्यांना बंदरमास्तर म्हणतात, समोर म्हणायची कुणाची छाती नाही. त्या म्हणाल्या, "फी कष्टाची नसते. चूक झाली तर केवढ्याला पडेल, त्याची असते." मी दिवसभर त्यावरच विचार करत राहिले. मग तुमची अशिलं आठवली. त्यांचं तर सगळं घरच पणाला लागलेलं असतं. पण घर लहान, म्हणून फी लहान. हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, काकांनी. तुमचं नाव निघालं की माझा आवाज बदलतो, असं पेटंटवाली म्हणते. मला तसं वाटत नाही.

मी स्वतः कशी शिरले ते छोटीला ऐकायचं असेल. जहाजांच्या मजल्यावर कोणी मुद्दाम जात नाही. कुणी पूर्वीचा खलाशी, कुणी विम्याच्या कचेरीतला, आणि बाकी वाट चुकलेले. मुलाखतीला आम्हा सगळ्यांपुढे एकच फाईल ठेवली, जहाजात भिजलेल्या साखरेची. बाईंनी विचारलं, पहिलं काय कराल? माझ्या आधीचे सगळे कलमं सांगत सुटले. माझी पाचावर धारण बसली होती, एकही कलम आठवेना. तोंडातून निघालं, "जहाज बघून येईन. जागा पाहिल्याशिवाय मला काही लिहिता येत नाही." तुमचंच वाक्य. तुम्ही मला उन्हातान्हात स्कूटरवर मागे बसवून प्रत्येक हद्द दाखवायला न्यायचात, तेव्हा मी किती कुरकुर करायचे. त्या वाक्यावर मला नोकरी मिळाली. तुम्हाला हे आवडणार नाही, पण मला इथवर पोचवलंत ते तुम्हीच.

आता तरी बोला.

मोठी


३ मार्च

काका,

आज जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय मला काही सुचणार नाही. तुम्ही वाचा किंवा वाचू नका, मी लिहिणार.

आज मी एक जहाज अटक होताना पाहिलं.

अटक म्हणजे अटकच. जहाजांच्या कायद्यात एक गोष्ट अशी आहे की पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं बाई माझी फिरकी घेतायत. समजा जहाजामुळे तुमचं नुकसान झालं. मालक कोण? कागदावर एक कंपनी. तिचा मालक दुसरी कंपनी, आणि तिचा पत्ता कुठल्याशा बेटावरच्या एका खोलीचा, जिथे दाराला पाट्याच पाट्या आणि आत एक पंखा. नोटिसा पाठवत बसलात तर जन्म जाईल. म्हणून कायदा म्हणतो, मालकाला सोडा. जहाजावरच दावा लावा. प्रतिवादी क्रमांक एक : जहाज. लोखंडाचं धूड, त्यालाच कोर्टात खेचायचं, जणू त्यानेच केलं आणि तेच निस्तरणार. मात्र ते कोर्टाच्या हद्दीतल्या पाण्यात असेपर्यंतच. एकदा का ते बाहेर पडलं, की हात चोळत बसा.

आणि अटक करतात कशी? बेड्या नाहीत, साखळदंड नाहीत. कोर्टाचा बेलिफ दोरीच्या शिडीने वर चढतो आणि कप्तानाच्या खोलीच्या काचेवर कागद चिकटवतो. झालं. मी त्याच्या मागोमाग चढले. खाली पाहू नकोस म्हणून बजावलं होतं, तरी मी पाहिलंच. त्या जहाजात आपलं कोर्ट, बारची खोली, समोरची चहाची टपरी आणि वाहनतळ धरून, एका कोपऱ्यात मावलं असतं. बेलिफाने खिशातून चिकटपट्टी काढली. ती दातांनी तोडली. चार कोपरे लावले आणि अंगठ्याने दाबले. कप्तान दाढीवाला, दोन्ही हात मागे बांधून नुसता वाचत उभा. आणि खाली कुठेतरी जहाजाच्या पोटात चाललेली घरघर बंद झाली. काका, एवढ्या मोठ्या गोष्टीने एवढ्याशा कागदाचं ऐकलं! तुम्ही मला लहानपणी म्हणायचात, कायदा म्हणजे माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द. मला ते भाषणातलं वाक्य वाटायचं. आज तो शब्द डोळ्यांनी दिसला, चिकटपट्टीने लावलेला.

मी पैशासाठी आले, असं तुम्हाला वाटतं. आले होतेच. खोटं कशाला बोलू? पण आता पगार निम्मा केला तरी मी इथून हलणार नाही, आणि हे त्यांना कळू नये म्हणून मी गप्प आहे.

छोटीला हे पत्र वाचायला द्या. नाही दिलंत तरी ती तुमच्या ड्रॉवरमधून काढून वाचेल, ते वेगळं.

मोठी


२१ एप्रिल

काका,

हे पत्र आज टपालात पडणार नाही. का, ते पुढे लिहिते.

चार दिवसांपूर्वी आमच्याकडे एक नवीन प्रकरण आलं. एका जहाजाने छोट्या धक्क्याला धडक दिली, धक्क्याला बांधलेल्या दोन मच्छीमार बोटींचा चुरा झाला. माणसं वाचली, बोटी गेल्या. जहाज आता इथल्या बंदरात डागडुजीला लागलं आहे. आम्ही जहाजाकडून. बोटवाल्या भावांच्या वकिलाची नोटीस फाईलमध्ये होती. मी पहिली ओळ वाचली आणि सही बघायची गरज उरली नाही. "आमचे अशील हे कष्टाळू व सरळमार्गी असून" अशी सुरुवात करणारा जगात एकच वकील आहे.

मी फाईल घेऊन बाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं, समोरचे वकील माझे काका आहेत. त्यांनीच मला वाढवलं. त्यांना मी पत्रं लिहिते आणि त्यात जहाज अटक कशी होते तेही एकदा लिहिलं आहे, हे प्रकरण घडायच्या कितीतरी आधी. मला वाटलं, संपलं सगळं. बाई म्हणाल्या, "पुस्तकात छापलेलं सांगणं हा गुन्हा असेल तर कॉलेजं बंद करावी लागतील. पण आजपासून हे प्रकरण आपल्याकडे आहे तोवर पत्र नाही, फोन नाही." मी म्हटलं, फोनचा प्रश्नच येत नाही, ते उचलत नाहीत. आमच्या अशिलालाही बाईंनी हे कळवलं, आणि त्यांची हरकत नाही म्हणून लेखी आलं. बाईंनी काम माझ्याकडेच ठेवलं. म्हणाल्या, "तुला जमतंय का ते मला बघायचंय."

तुमची नोटीस कंपनीला आहे, काका. बेटावरच्या त्या पंख्याला. आणि जहाज शुक्रवारी सुटतंय. बाईंनी नोटीस वाचून एवढंच म्हटलं, "माणूस बरोबर आहे, पकड चुकली." मला जागा बघायला तुमच्या गावी जायला हवं होतं. मी नाही गेले. सर्वेक्षकाला पाठवलं, त्याने फोटो काढून आणले. कारण काय लिहू? त्या धक्क्यावर तुम्ही भेटला असतात आणि माझ्याशी न बोलता बाजूने निघून गेला असतात, तर मला सहन झालं नसतं.

अटकेचा अर्ज आला तर आम्हाला आधी ऐकावं म्हणून मीच कॅव्हेट टाकून आले. ते माझं काम आहे आणि मी ते नीट केलं. आता मी इथे बसले आहे. एक ओळ लिहून पाठवली तर तुमचे बोटवाले वाचतील, आणि मी तुमची राहणार नाही, कारण अशिलाला फसवणारी पोर तुम्ही वाढवलेली नाही. मी पाठवणार नाही. पण काका, ते तिसरं पत्र तुम्ही वाचलंय ना? की राग आला म्हणून अर्ध्यावर ठेवलंत? आयुष्यात पहिल्यांदाच एखादा कागद अर्ध्यावर ठेवला असलात तर माझं कसं व्हायचं?


२ मे

काका,

हमीचे कागद झाले, पुढचा दावा विमा कंपनीचे वकील चालवतील, प्रकरण आमच्यापुरतं मोकळं झालं, बाईंनी परवानगी दिली. आधीचं पत्र याच पाकिटात आहे. दोन्ही एकदमच वाचा.

गुरुवारी सकाळी आमच्या कारकुनाने कॅव्हेटचा निरोप आणला. अटकेचा अर्ज आला आहे. मी वरचं पान पाहिलं. प्रतिवादी क्रमांक एक, आणि पुढे जहाजाचं नाव. मी तिथेच जिन्यात बसले. कारकून विचारत होता, "मॅडम, पाणी आणू का?" आपल्याच बाजूची वकील हरण्याची शक्यता दिसताच जिन्यात बसून हसते आहे, हे त्याने कधी पाहिलं नसावं.

कोर्टात तुम्ही तोच कोट घालून आला होतात. कोपराला काकूने आतून ठिगळ लावलेलं, बाहेरून दिसत नाही, पण मला माहीत आहे म्हणून दिसलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. न्यायमूर्तींनी विचारलं, हे अटकेचं म्हणणं कशाच्या आधारावर? तुम्ही म्हणालात, "साहेब, यातलं माझ्यापेक्षा माझ्या ज्युनिअरला जास्त कळतं," आणि बसलात. तुम्ही! इतक्या वर्षांत तुम्हाला दुसऱ्याला बोलू देऊन बसताना मी पाहिलं नव्हतं. आणि छोटी उठली. तोंडातून एकही शब्द वावगा गेला नाही. जहाजच जबाबदार कसं, कोर्टाचं पाणी कुठवर, ते उद्या गेलं तर मागे काय उरतं. जिला मी कोर्टाचा जिना दाखवला होता ती मला हरवत होती, आणि मी अभिमानाने तिचा एकेक मुद्दा उतरवून घेत होते.

मग माझी पाळी. मी माझं काम केलं, काका, तसूभरही कमी नाही. म्हटलं, संध्याकाळची वेळ होती, बोटींवर दिवे नव्हते, जहाजाला दिसणार कसं?

तुम्ही उत्तराला उठलात. कोर्टाची रीत तुम्हालाही मोडता येत नाही, समोरच्या वकिलाला विद्वान मित्रच म्हणावं लागतं. तुम्ही न्यायमूर्तींकडे बघत म्हणालात, "बोटींवर दिवे नव्हते, असं माझ्या विद्वान मैत्रिणीचं म्हणणं आहे. बोटी बांधलेल्या होत्या, साहेब, धक्क्याच्या मोठ्या दिव्याखाली. तिथे वर्तमानपत्र वाचता येतं, मी वाचून आलोय. माझ्या विद्वान मैत्रिणी जागा पाहिल्याशिवाय कधी बोलत नाहीत. त्यांना मी फार वर्षं ओळखतो. म्हणजे या वेळी त्यांना तिथे येणं काही कारणाने जमलं नसावं, एवढंच."

एवढ्या काळानंतर माझ्याबद्दल तुम्ही काढलेले ते पहिले शब्द. मला लाज वाटली, आणि त्याच क्षणी वाटलं, हा माणूस केवढा आहे! एका वाक्यात माझा मुद्दा झोपवला आणि त्याच वाक्यात मला पदराखाली घेतलं. वरच्या मजल्यावरचे, ज्यांच्या फीचे आकडे मी तुम्हाला लिहिले नाहीत, त्यांच्यापैकी कोणालाही मी हे करताना पाहिलेलं नाही. बाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "हे काय घेतात?" मी म्हटलं, "जमेल तसं देतात लोक." तेवढ्यात न्यायमूर्तींनी अटकेचा हुकूम दिला.

दुपारी बेलिफासोबत आपण सगळे बंदरावर गेलो. छोटी शिडीवर चढली, साडीचा काष्टा मारल्यासारखा कोट कमरेला गुंडाळून. तुम्ही खाली धक्क्यावर उभे होतात, मान मागे टाकून. चष्मा कपाळावर गेला होता आणि तोंड उघडं राहिलं होतं. मी तुमच्यापासून चार हात अंतरावर होते. तुम्ही बोलाल असं वाटलं. वर कागद चिकटला, घरघर थांबली, तुम्ही हात जोडलेत. कोणाला ते मला कळलं नाही. मग छोटी उतरली आणि तुम्ही दोघं रिक्षात बसून निघून गेलात. कोर्टात रीत होती म्हणून बोललात, धक्क्यावर रीत नव्हती.

जहाजाच्या विमा कंपनीने कोर्टात हमी भरली, जहाज सुटलं. निकाल काहीही लागो, आता तुमच्या बोटवाल्यांना पंख्यामागे धावावं लागणार नाही. आणि आज बाईंनी मला बोलावून विचारलं, "ती मुलगी कोण? तिला माझ्याकडे बसायला आवडेल का?" छोटीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे निघालं. सगळ्यात महागड्या मजल्यावर शिरायचं असेल तर त्यांच्यासमोर उभं राहायचं.

छोटी तुम्हाला विचारल्याशिवाय यायची नाही. मीही तिला परस्पर सांगणार नाही. एक गेली, आता दुसरीही मागतात, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या, त्यात खोटं काही नाही. पण हो किंवा नाही, जे असेल ते मला सांगा. छोटीकरवी नको, काकूकरवी नको.

मोठी


१५ मे

मोठीस,

तुझी पाचही पत्रं मिळाली. सवयीने कलमवार उत्तर देतो.

कलम एक. मी तुझ्याशी बोलत नाही, हा मजकूर खरा व कबूल.

कलम दोन. एखादं पत्र मी अर्ध्यावर ठेवलं असेल, ही शंका साफ नाकबूल. तिसरं पत्र जेवताना छोटीकडून मोठ्याने वाचून घेतलं. शिडीचा भाग दोनदा. काकूने घास हातात धरून ऐकला.

कलम तीन. हात कोणाला जोडले म्हणून विचारतेस. मलाही ठाऊक नाही. एवढं मोठं काही थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिथे माणसं नसतात असं मी म्हणालो होतो, ते विधान मागे घेतो.

कलम चार. मी रागावलो होतो, हे नाकबूल. राग असता तर भांडलो असतो, भांडणं हा माझा धंदाच आहे. तू गेल्यावर मी अशिलासमोर "अगं, ती फाईल दे" म्हणून हाक मारायचो आणि खोलीत कोणी नसायचं. अशिलं छताकडे बघायची. फोन यासाठी उचलला नाही, की उचलला असता तर "परत ये" म्हणालो असतो, आणि तू आली असतीस. मग ते जहाज तुला कोणी दाखवलं असतं?

छोटीबाबत. तिला तुमच्या त्या कचेरीत मी पाठवत नाही. तुझ्याकडे पाठवतो आहे. तिथले बाकीचे तिला काय शिकवतात ते त्यांचं त्यांनी बघावं, तू शिकवशील त्याची मला काळजी नाही. धक्का पाहायला आली नाहीस, ते मात्र पुन्हा करू नकोस. भेटला असता तर भेटला असता काका, काय तुला खाल्लं असतं?

तू गेलीस त्या सकाळी मी कोर्टात काम आहे म्हणून बाहेर पडलो होतो. काम नव्हतं. बारच्या खोलीत बसून राहिलो. छोटीच्या वेळी तसं जमायचं नाही, माझी डायरी तीच लिहिते. ती रविवारी निघणार आहे. तिला न्यायला तू ये.

मी घरीच असेन.

काका